मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर. मग जाताना सव्वादहा तास आणि येताना नऊच का?

तासगावच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं आहे. त्यांची मुलगी लंडनला असते. मे महिन्यात गुरुजी आणि काकू पहिल्यांदाच तिच्याकडे निघालेत. त्यांनी मुंबई-लंडन विमानाचं अंतर शोधलं, तर ७,२०० किलोमीटर आणि साडेआठ तास असं उत्तर मिळालं. मुलीनं पसंतीसाठी दोन पर्याय पाठवलेत. थेट विमानाच्या कागदावर जाताना १० तास १५ मिनिटं आणि येताना ९ तास ५ मिनिटं लिहिलंय. वर मुंबईहून दुपारी सव्वाला सुटून संध्याकाळी सातला लंडन, म्हणजे वजाबाकी केली तर पावणेसहाच तास. दुसरा पर्याय दुबईमार्गे आहे, जरा स्वस्त. गुरुजी विचारतात की यातला खरा आकडा कुठला, काकूंचे गुडघे दुखतात आणि साखरेचं औषध चालू आहे तर थेट जावं की दुबईत उतरून, आणि घरातून निघायचं कधी.

गुरुजी, हे सगळे आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, इतकंच. मी १९९८ पासून सांगलीत विमान तिकिटांचं काम करतो. सुरुवातीला लाल कार्बनचं तिकीट हातात द्यायचो, आता मोबाइलवर पाठवतो. पण पहिल्यांदा निघालेल्या आईवडिलांचा हा गोंधळ तेव्हा होता तसाच आज आहे. म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी ते ७,२०० किलोमीटर. तुमच्या शाळेत पृथ्वीगोल असेलच. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. गोलावरचा हा सगळ्यात जवळचा रस्ता. आता दोरा कुठून जातो ते बघा: सौराष्ट्र, पाकिस्तान, इराण, मग जॉर्जिया-आर्मेनियाच्या डोंगराळ भागातून काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि पुढे लंडन. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ वेगळीच येते, आखाती देश, इराक, तुर्कस्तान अशी. ती नकाशावर सरळ दिसते, पण प्रत्यक्षात दोरीच्या वाटेपेक्षा दोनशेएक किलोमीटर लांब पडते. अंतर सांगणाऱ्या सगळ्या जागा दोरीचं माप देतात. ते दोन विमानतळांमधलं माप आहे, आणि ते बदलत नाही.

विमान मात्र दोरीवरून जात नाही. वर सांगितलेली नावं पुन्हा वाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली आणि त्या बंदीची मुदत महिन्यामहिन्यानं वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. इराण-इराकच्या बाजूला तणाव वाढला की तिथूनही कंपन्या अंग काढून घेतात. एका दोऱ्यावरच्या इतक्या गाठी. त्यातल्या त्यात मुंबईचं नशीब बरं. आपल्याला अरबी समुद्र मोकळा आहे, विमान सरळ ओमानच्या दिशेनं निघू शकतं. दिल्लीकरांना याचा त्रास जास्त झाला. पण वळसा तो वळसाच. ७,२०० चे ७,६०० किंवा ७,८०० किलोमीटर कधी होतील ते त्या दिवशीच्या वाटेवर ठरतं. म्हणूनच एकाच दिवशी त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागलेला दिसतो.

आता साडेआठ तास कुठून आले? ते बहुतेक ठिकाणी साधा भागाकार करून काढतात. लांब पल्ल्याचं मोठं विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगानं जातं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास. चढायला-उतरायला अर्धा तास धरला की झाले साडेआठ. गणित म्हणून बरोबर आहे, पण त्यात वारा नाही.

वारा हाच जाण्या-येण्यातल्या फरकाचा मुख्य मालक. आपली कृष्णा घ्या. सांगलीच्या घाटावरून होडी हरिपूरच्या संगमाकडे सोडली तर प्रवाहाबरोबर झपकन जाते. तीच होडी, तोच नावाडी, वल्ह्याचा तोच जोर, पण हरिपुराहून परत सांगलीला यायला दम लागतो. काठावरचं अंतर मात्र तेवढंच असतं. विमानाचा ताशी ९०० हा वेग सभोवतालच्या हवेत मोजलेला असतो, आणि ती हवाच मुळात वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्याकडून युरोपपर्यंतच्या पट्ट्यात, ती बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यातले जोरदार झोत हिवाळ्यात उत्तर भारत, इराण या बाजूला ताशी २०० किलोमीटरच्या वरही जातात. मे महिन्यात ते उत्तरेकडे सरकतात आणि जरा ढिले पडतात, पण दिशा तीच राहते. लंडनला जाताना आपण प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर.

आकड्यांत बघायचं असेल तर समजा वाट वळशासकट ७,७०० किलोमीटर झाली आणि वाटभर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग उरतो ८४०, म्हणजे ९ तास १० मिनिटं. येताना तो होतो ९६०, म्हणजे ८ तासांच्या जरा वर. इथंच तासाभराहून जास्त फरक पडला. गुरुजी, तुम्ही गणित शिकवायचात की नाही ते ठाऊक नाही, पण सातवी-आठवीच्या पुस्तकातलं नावेचं आणि प्रवाहाचं उदाहरण ते हेच.

तरी सव्वादहा आणि नऊ-पाच होत नाहीत, बरोबर? उरलेला वेळ चढण्या-उतरण्यात आणि जमिनीवर जातो. तिकिटावरचा वेळ दार लागून विमान जागेवरून हलल्यापासून ते तिकडं जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांची रांग लागते. हीथ्रोला समांतर दोन आहेत, पण तिथली गर्दी अशी की उतरण्याआधी विमान शहराच्या कडेला आकाशातच घिरट्या घालतं. पहिल्यांदा जाणारी माणसं तेव्हा घाबरतात, की विमानात बिघाड झाला की काय. काकूंना आधीच सांगून ठेवा, तो तिथला रोजचा क्रम आहे. हे सगळं धरून, आणि पोचायला उशीर होऊ नये म्हणून थोडा वेळ पदरी ठेवून कंपनी वेळापत्रक लावते. म्हणून पायलटनं सुरुवातीला ‘आपला उड्डाणाचा वेळ नऊ तास चाळीस मिनिटं’ असं सांगितलं आणि कागदावर सव्वादहा असलं तर दोन्ही बरोबर समजा.

राहिले पावणेसहा तास. ही वजाबाकी मात्र सोडून द्या. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, एरवी साडेपाच. तुम्ही मे महिन्यात जाताय, म्हणजे साडेचार. दुपारी १.१५ अधिक सव्वादहा तास म्हणजे आपल्या घड्याळात रात्री ११.३०, आणि त्याच क्षणी लंडनला संध्याकाळचे ७. येताना उलट वाटेल. रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३५ ला मुंबई, म्हणजे साडेतेरा तास झाल्यासारखे दिसतील, पण विमानात बसणं नऊ तास पाच मिनिटांचंच. ऑक्टोबर अखेरीनंतर परत येणाऱ्यांनी हा एक तासाचा फरक ध्यानात ठेवायचा, कारण मधेच घड्याळं बदलतात.

काकूंच्या औषधाशी याचा थेट संबंध आहे. जाताना तुमचा दिवस साडेचार तासांनी लांबतो, येताना रात्र तेवढीच आखडते. गोळ्या असोत की इन्शुलिन, डोस घड्याळावर घ्यायचा की जेवणावर, हे आपल्या डॉक्टरांना निघायच्या आठवडाभर आधी विचारून कागदावर लिहून घ्या. त्यांना दोन्ही वेळापत्रकं दाखवा, तोंडी सांगू नका. इन्शुलिन असेल तर ते हातातल्या पिशवीत, सामानाच्या पोटात टाकायचं नाही, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मधुमेहाचं जेवण तिकीट काढतानाच नोंदवलेलं बरं.

आता थेट की दुबई. इथं माणसं एक गैरसमज करून घेतात, की दुबईमार्गे म्हणजे फार लांबचा फेरा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०. दोरीच्या मापापेक्षा सव्वादोनशे किलोमीटर जास्त, म्हणजे आपल्या सांगली-पुण्याएवढं. दुबई जवळजवळ वाटेवरच आहे, थेट विमानंही त्याच बाजूनं जातात. वाढतो तो वेळ, आणि तो हवेत वाढत नाही. दोनदा चढणं, दोनदा उतरणं, दोन रांगा, पुन्हा एकदा सामान तपासणी, आणि मधे तीन तास बसणं. असं करत सव्वादहाचे चौदा होतात. त्यातून मुंबईहून दुबईकडं जाणारी बरीच विमानं पहाटेची असतात, म्हणजे आदली रात्र विमानतळावर ताटकळत.

उलट बाजूनं विचार केला तर गुडघ्यांसाठी मधे उतरून चालायला मिळणं चांगलं, असं काहीजण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण दुबईचा विमानतळ म्हणजे चार पावलं चालणं नव्हे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला गाडी लागते. व्हीलचेअर मिळते, पण ती येईपर्यंत, आणि मग पुढच्या दारापर्यंत, काकूंचा जीव टांगणीला. माझ्या मते काकूंसाठी थेटच घ्या. पैशाचा फरक दोघांचा मिळून अगदीच मोठा असेल तर दुबईचा विचार करा, पण मग दोन अटी पाळा. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते आणि सामान थेट लंडनला उतरतं. आणि मधला वेळ अडीच तासांपेक्षा कमी नको, चारांपेक्षा जास्त नको. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढून ती जोडलेली मी पाहिली आहेत. पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं आणि दुसरं तिकीट वाया गेलं. साठीच्या पुढच्या माणसांसाठी तो धोका मी घेऊ देत नाही.

थेट विमानात काकूंना कडेची, रस्त्यालगतची जागा घ्या. खिडकी तुम्ही घ्या. तासा-दीड तासानं उठून मागच्या बाजूपर्यंत एक फेरी मारायची, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून पुन्हा खात्री करा. काकू ‘मी चालते की’ म्हणतील. आमच्याकडं सगळ्याच आया तसं म्हणतात. मुंबईच्या दोन नंबर टर्मिनलला दारापासून विमानापर्यंत किती चालावं लागतं ते त्यांना आधी कळत नाही, आणि हीथ्रोला उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत तासभर उभं राहायची वेळ येऊ शकते. व्हीलचेअर मागण्यात कमीपणा काही नाही.

आता घरातून निघायचं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटरला दहा तास, आणि आपल्या सांगलीहून मुंबई विमानतळ पावणेचारशे-चारशे किलोमीटरला आठ तास. तेही सगळं सुरळीत असेल तर. पेठनाका, कराड, साताऱ्याच्या पट्ट्यात सहापदरीकरणाची कामं, मग खंबाटकी, पुण्यात कात्रज ते वाकड, पुढं खंडाळ्याचा घाट, आणि शेवटी मुंबईत शिरताना सकाळची गर्दी. यातली एक जागा जरी अडली तरी दोन तास गेले. विमान दुपारी सव्वाला, तर दहाला तुम्ही टर्मिनलच्या दारात पाहिजे. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी. गाडीनं जायचं तर मध्यरात्री बाराच्या आत तासगाव सोडावं लागेल, म्हणजे रात्रभर गाडीत आणि वर सव्वादहा तास विमानात. काकूंचे पाय सुजतील. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी मुंबईत उतरता येतं आणि एरवी मी ती गाडी सुचवतोही, पण त्याच दिवशी विमान असेल तर नको. गाडी दोन तास लेट झाली की पुढचं सगळं कोसळतं. आदल्या दिवशी सकाळी आरामात निघा, पुण्यात जेवा, संध्याकाळपर्यंत मुंबईत नातेवाइकांकडं किंवा विमानतळाजवळ मुक्काम करा. मुक्कामाचे पैसे वाया गेले असं समजू नका.

ऑगस्ट २०१९ आठवतोय ना? सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातलं एक जोडपं त्याच आठवड्यात निघणार होतं. पाणी वाढतंय बघून मी त्यांना तीन दिवस आधीच पुण्याला भावाकडं जायला सांगितलं. ते घर सोडायला तयार नव्हते, शेवटी निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत होड्या होत्या. तुम्ही मे महिन्यात जाताय, तुम्हाला पुराची भीती नाही. पण परतीचं तिकीट जुलै-ऑगस्टचं असेल तर ही गोष्ट मुलीच्याही कानावर घाला.

आणि तारीख. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. तुमचं विमान दुपारचं आहे म्हणून बरं, पण मुलीनं वेळ बदलली आणि मध्यरात्रीनंतरचं घेतलं तर तिकिटावर समजा ‘१४ मे, ००.४०’ असं येईल. याचा अर्थ १३ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर पोचायचं. साताऱ्याचं एक कुटुंब १४ तारखेच्या रात्री सामानासकट टर्मिनलवर हजर झालं होतं. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. त्यांचं तिकीट मी काढलं होतं आणि तारीख नीट समजावून सांगितली नव्हती. ती रात्र मला अजून टोचते. तेव्हापासून मी प्रत्येक तिकिटावर लाल पेनानं हातानं लिहून देतो: घरातून निघायचं, अमुक वार, अमुक तारीख, अमुक वाजता. तुम्ही दुसरीकडून तिकीट काढलंत तरी हे स्वतः लिहा आणि ड्रायव्हरला त्याचा फोटो पाठवा. आता मुंबईला दोन विमानतळ आहेत, हेही त्यातच लिहायचं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिकिटावर बीओएम असेल तर सहार-अंधेरीकडचा जुना, एनएमआय असेल तर पनवेलकडचा. ड्रायव्हरला नुसतं ‘मुंबई एअरपोर्ट’ सांगून भागत नाही.

सामानाचं एकच. भडंग, हळद, चटण्या, तासगावचे बेदाणे बांधून न्या. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र नेऊ नका. आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडं आणू देत नाहीत. लेकीला आवडतात ते मला माहीत आहे, पण विमानतळावर टाकून द्यावे लागले तर काकूंना जास्त वाईट वाटेल.

परतीला विमान १०.३५ ला उतरलं तरी पासपोर्ट आणि सामान आटोपून बाहेर यायला बारा वाजतील. रात्रीची झोप झालेली नसेल आणि अंगाला लंडनच्या घड्याळाची सवय असेल. दुपारी बाराला मुंबईतून निघालात तर तासगावला पोचायला रात्रीचे आठ-नऊ. त्या दिवशी गाडी स्वतः किंवा घरच्या पोरानं चालवायची नाही, विश्रांती झालेला ड्रायव्हर मागवा. खोपोलीच्या पुढं कुठंतरी थांबून काकूंना जेवू घाला आणि तिथंच त्यांच्या गोळीची वेळ डॉक्टरांच्या कागदावर बघा. परतीचा कागद वेगळा लिहून घ्यायचाय, विसरू नका.